एका बाजूचे तांदूळ

आमच्या दवाखान्यात आजारी माणूस येत नाही. ताप, खोकला, मोडलेला हात, यातलं काहीच नाही. धडधाकट बाया येतात, चांगल्या साड्या नेसून, आणि पायरी चढण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतात. रायपूरच्या समता कॉलनीत ओळखीचं कुणी ना कुणी निघतंच. एक बाई तर दर वेळी आधी शेजारच्या दातांच्या दवाखान्यात शिरायच्या, तिथे पाच मिनिटं बसायच्या आणि मग गुपचूप आमच्याकडे यायच्या. तिथल्या डॉक्टरांनी एक दिवस त्यांना खुर्चीवर बसवून तोंड उघडायलाच लावलं. दोन दाढा किडलेल्या निघाल्या.

मी तिथे मावशी आहे. अठरा वर्षं झाली. आमचे साहेब पुरुष, म्हणून बाईला तपासताना खोलीत दुसरी बाई पाहिजेच असा नियम आहे. ती दुसरी बाई मी. कोपऱ्यात उभं राहायचं, गाऊन धरायचा, आणि बोलायचं नाही. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं, ते आपोआपच जमलं. आमचे हे रेल्वेत होते. ते म्हणायचे, "तुयापेक्षा मालगाडी जास्त बोलते."

शस्त्रक्रिया कशाची, ते लिहायला अजूनही हात थांबतो. साहेब इंग्रजी नाव घेतात. बाया "हे" म्हणतात आणि मान खाली घालतात. मी छाती म्हणते, तेही मनात. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांना वाटतं मी चामडीच्या दवाखान्यात आहे. एकदा शेजारणीने नायट्यासाठी मलम मागितलं, तेव्हा मेडिकलमधून विकत आणून दिलं. नायटा बरा झाला. तेव्हापासून माझा मान वाढला आहे. म्हणून हे सगळं नातीच्या अर्ध्या उरलेल्या वहीत लिहून ठेवते. तोंडाने सांगण्यासारखं नाही आणि विसरण्यासारखंही नाही.

बायांना वाटतं, इथे दोनच गोष्टी मिळतात, मोठं आणि लहान. तसं नसतं. मोठं करायचं तर सिलिकॉनची पिशवी आत बसवतात. ती हातात घेतली तर घट्ट जमलेल्या खिरीसारखी लागते. काही वर्षांनी बदलावीही लागू शकते. ते नको असेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून भरतात, पण त्यातली थोडी विरघळून जाते, सगळी टिकत नाही. लेकरांना पाजून खाली आलेलं असेल तर वर उचलून शिवतात. आणि फार जड असेल, पट्टे रुतून खांद्यात चर पडले असतील, मान दुखत असेल, तर कमी करतात. उचलण्यात आणि कमी करण्यात टाके जास्त, वण राहतात, आणि कमी केल्यावर पुढे बाळाला दूध अपुरं पडू शकतं. साहेब हे सगळं आधीच सांगतात. कागदावर पेनाने चित्र काढून सांगतात. बाई मान डोलावते आणि शेवटी विचारते, "वो सब तो ठीक है डॉक्टरसाहब, पर दिखेगा कैसा?"

तिथून माझं काम सुरू होतं.

मऊ बनियनच्या कापडाच्या मी छोट्या पोटल्या शिवते आणि त्यात तांदूळ भरते. साहेबांनी सांगितलेल्या मापाच्या दोन पोटल्या बाईने घरी न्यायच्या, आतून घालायच्या आणि चार-आठ दिवस वागायचं. स्वयंपाक करायचा, स्कूटर चालवायची, दुपारी कुशीवर झोपून पाहायचं. मग ठरवायचं, एवढं हवं की नको. हे काही माझं डोकं नाही, बाहेरगावचे डॉक्टरही करतात म्हणे. पण तांदळात आमच्या छत्तीसगडचा हात कोण धरणार?

सुरुवातीला माझी एक चूक झाली. साहेब तीनशे म्हणाले की मी घरच्या तराजूवर तीनशे ग्रॅम जोखायची. ते सांगत होते भांड्याचं माप, मी करत होते वजन. तांदूळ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत रायपुरातल्या चार-दोन बाया साहेबांच्या सांगण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होऊन बाजारात फिरल्या. तक्रार एकीनेही केली नाही.

दुसरी चूक मात्र मी हौसेने केली. तांदूळ जुना चांगला, हे आपल्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. भात मोकळा होतो. मी आपला घरच्या कोठीतला तीन वर्षांचा जुना एचएमटी तांदूळ भरला, पाहुण्यांसाठी राखलेला. एका बँकेतल्या मॅडमना तो दिला. दिवस दमट होते. चौथ्या दिवशी खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "मैडम, आपके गले पर कुछ चल रहा है." तांदळातले सोंडे होते. एकामागोमाग एक, रांगेने, ब्लाउजमधून वर येत होते. मॅडमनी फोन करून मला जे सुनावलं ते वहीतही लिहिणार नाही. पुढे त्यांनी पोटल्यांचं नावच काढलं नाही, नुसतं वर उचलण्याचं करून घेतलं आणि खूष होऊन गेल्या. तेव्हापासून मी नवा तांदूळ कढईत भाजून घेते.

एवढ्या वर्षांत मला एक गर्व झाला होता. आरशासमोर बाई कशी उभी राहते त्यावरून तिला काय हवंय ते मला कळतं, असं मी समजत होते. साहेबांना कागद लागतो, मला पडदा पुरतो. पल्लवी येईपर्यंत ते खरंही होतं.

पल्लवी बूढ़ापाऱ्यातली. सत्तावीस वर्षांची, नवा रायपूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. बरोबर तिची आई, शोभाताई. पल्लवीची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच लहान होती, डावी. अशा खूप असतात, बाहेरून कळत नाही. पोरगी अकरावीपासून डावीकडे रुमाल घडी करून ठेवत आली होती. पावसात रुमाल भिजतो, पळताना सरकतो. एकदा ऑफिसच्या गणपतीत आरती चालू असताना तो पायाशी पडला आणि एका मुलाने अदबीने उचलून तिच्या हातात दिला. ती हसत सांगत होती. हसता हसता गाऊनची गाठ मात्र तिने तीनदा बांधली.

साहेबांनी तीन रस्ते सांगितले. डावीकडे सिलिकॉन बसवून उजवीएवढी करायची. नाहीतर डावीकडे चरबी भरायची. नाहीतर उजवी कमी करून डावीएवढी करायची.

"चरबी कुठून घ्याल?" शोभाताईंनी विचारलं.

"इन्हीं के पेट से," साहेब म्हणाले. "पर ये तो दुबली हैं."

"मग माया पोटातली घ्या ना! लागन तेवढी घ्या."

"मम्मी, प्लीज," पल्लवी म्हणाली.

"काहून? घरचीच तर हाये."

साहेबांनी समजावलं की दुसऱ्याची चरबी चालत नाही, आईचीही नाही. शोभाताईंना ते पटलं नाही. रक्त चालतं, किडनी चालते, मग चरबीनं काय केलं?

राहिले दोन रस्ते. साहेबांनी पल्लवीला विचारलं, "आपको क्या ठीक लगता है?" उत्तर आलं शोभाताईंकडून.

"मोठंच करा. टेबलाचा एक पाय लहान असला तर त्याच्याखाली पुठ्ठा ठेवते माणूस. बाकीचे पाय कापून राहते का कोणी? देवानं देल्लं ते कापाचं नाही. कमी हाये तिथं भरा."

मराठीत आई बोलायची, पल्लवी हिंदीत उत्तर द्यायची. म्हणजे द्यायला लागायची, पूर्ण होऊ देत नव्हती आई. साहेब पुन्हा पोरीकडे बघायचे, पुन्हा आईच बोलायची. शेवटी साहेब म्हणाले, आठ दिवस पोटली घालून बघा, मग या. मी तिला पडद्यामागे नेलं आणि एकच पोटली दिली, डावीकडची.

ती आरशासमोर उभी राहिली. पोटली घालण्याआधी तिने तळहाताने उजवी बाजू झाकली आणि नुसत्या डावीकडे बघत राहिली. बराच वेळ. मग झाकणारा हात काढून उसासा टाकला.

मला वाटलं, कळलं. हिला लहान आवडतं. मोठी झाकून टाकली, लहान बघत बसली. पोरगी बारीक, पळणारी, सकाळी बूढ़ा तालाबला फेऱ्या मारणारी. हिला ते मोठं ओझं नको आहे आणि आई गळ्यात बांधते आहे. त्या रात्री मला धड झोप आली नाही. पुढचं आयुष्य त्या पोरीला तिच्या आईच्या आवडीची छाती घेऊन काढावं लागणार, हे काही बरं नव्हतं.

आठ दिवसांनी दोघी आल्या. साहेबांनी विचारलं, "कैसा लगा?"

"चांगलं दिसते," शोभाताई म्हणाल्या. "मी रोज पाह्यलं. दोन्ही सारखे. आता तारीख द्या."

पल्लवी टेबलाच्या कडेला नखाने खरवडत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एरवी ते बघत नाहीत. आणि मला कुठून अवसान आलं कोण जाणे, मी शोभाताईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "ताई, एक मिनट बाहेर येता का? पोटलीचं माप पाहायचं होतं."

"कोणाचं माप?"

"चला तर."

पडद्यामागे नेऊन मी त्यांच्या हातात दोन पोटल्या ठेवल्या. चारशेच्या. कपाटातल्या सगळ्यात मोठ्या.

"हे काय करू मी?"

"घालून पाहा. तुम्ही इतकं सांगून राहिल्या पोरीले, तुम्हालेही माहीत पाहिजे ना कसं वाटते."

"या वयात? येड लागलं का, मावशी?"

"इथं कोण हाये पाहाले?"

शोभाताई लाजल्या. मग त्यांनी पडदा नीट ओढला आहे ना ते तपासलं. मी मोठ्या आरशासमोरचा दिवा लावून दिला. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "मावशी, बाजूनं पाहाले दुसरा आरसा नाही का?" मी हातात धरायचा छोटा आरसा आत दिला. आणखी थोड्या वेळाने, "पदर असा नाही बसत आता. साडी पुन्हा नेसून पाहते." मी म्हटलं, नेसा सावकाश, घाई नाही. बाई साडी नेसायला लागली की मिऱ्या जुळेपर्यंत जग थांबतं, हे मला माहीत होतं. मी पाय न वाजवता साहेबांच्या खोलीत आले आणि माझ्या कोपऱ्यात उभी राहिले.

साहेबांना काय ते कळलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मम्मी नहीं हैं अभी. आप बताइए."

पल्लवीने एकदा दाराकडे पाहिलं. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "बड़ा वाला. इम्प्लांट. मुझे शुरू से वही चाहिए था."

"काहून?" मी म्हणाले.

अठरा वर्षांत त्या खोलीत कुठल्या बाईच्या निवडीत मी घातलेला हा पहिलाच शब्द. साहेबांनी वळून पाहिलं. मला वाटलं, फरशी उघडली तर बरं.

पल्लवीला मात्र हसू आलं. "मावशी, तुम्हाले काय वाटलं होतं?"

"तू त्या दिवशी मोठी झाकून पाहत होती ना. आरशात."

"हो. लहान एकटी कशी दिसते ते पाहत होती. नाही आवडली मले. दहा वर्षं रुमाल ठेवून मोठ्याचीच सवय झाली, मावशी. मले फक्त रुमाल काढाचा हाये. मी जशी दिसून राहिली लोकांना, तशीच मले राहाचं हाये."

"मग आईसमोर काहून नाही बोलली?"

"बोलू कधी? आणि मी हो म्हटलं असतं तर आई सगळ्या खानदानात सांगत सुटली असती, मीच ठरवलं म्हणून. माझ्या मनातलं होतं ते. तिच्या मनातलं निघालं म्हणून मले त्याचाच राग येऊन राहिला होता."

मी खाली बघितलं. आई तिच्यासाठी ठरवत होती आणि मीही तिच्यासाठीच ठरवत होते, फक्त उलट बाजूने, आणि वर दोन पोटल्या खर्चून.

साहेब कागद काढू लागले तेवढ्यात दार उघडलं. शोभाताई आत आल्या. साडी नव्याने नेसलेली, पदर चापून घेतलेला, आणि पदराच्या आत माझे चारशे-चारशेचे तांदूळ तसेच. चालणं जरा पुढे झुकलेलं. एक हात मानेवर.

"डॉक्टरसाहेब, छोटंच करा."



"अर्धा घंटा झाला मले. मान मोडली माझी. खाली वाकून मिऱ्या घालताना तर मी आरशावरच पडत होती. पोट्टी आयुष्यभर हे वझं वागवन का? कापा तिकडचं, कमी करा, मोकळी होऊ द्या."

"मम्मी, आप ही तो बोल रही थीं, बड़ा!"

"तेव्हा मी घातलं नव्हतं!"

साहेबांनी समजावलं. पल्लवीला बसवायचं ते एकाच बाजूला आणि याच्या निम्म्यापेक्षाही कमी. शोभाताई ऐकेनात. त्यांच्या अंगावर जे होतं त्यावरून त्या बोलत होत्या, आणि ते अंगावर मी घातलं होतं. मी माझ्या कोपऱ्यात जितकी बारीक होता येईल तितकी झाले.

"टेबलचा पाय कहाँ गया आता?" पल्लवीने विचारलं.

"टेबलाले मान नसते, पल्लवी."

"तो आप अपना छोटा करवा लो ना. डॉक्टरसाहब यहीं बैठे हैं."

साहेबांनी तोंडावर फाइल धरली. शोभाताईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं, आणि मग हुकमी पत्ता काढला. "मी सही करणार नाही. आईची सही नाही तर ऑपरेशन कसं होते ते पाहते."

हा पत्ता खूप बायांच्या घरचे काढतात. कधी नवरा, कधी सासू. कितीतरी बाया याच एका वाक्यावर उठून गेल्या आहेत, रुमाल पुन्हा जागेवर ठेवून. पल्लवीचा चेहरा उतरला. तिला खरंच वाटलं की आता संपलं.

साहेबांनी फाइल खाली ठेवली. ती सज्ञान आहे, सही तिचीच लागते, असं ते म्हणाले. सगळं समजून तिने स्वतःच्या तोंडाने होकार दिला हे ज्याने ऐकलं, अशा एका माणसाची साक्ष म्हणून सही ते आपल्या समाधानासाठी घेतात. एरवी ती सही सिस्टर करते. त्या दिवशी सिस्टर सुट्टीवर होती.

पल्लवीने माझ्याकडे बोट केलं. "मावशी होत्या ना खोलीत."

तिघंही माझ्याकडे बघू लागले. शोभाताई म्हणाल्या, "यांना लिहिता येते का?"

"येते," मी म्हणाले. "हळू येते."

साहेबांनी कागदावरचं मला हिंदीत वाचून दाखवलं. दोन्ही रस्ते समजावले, पिशवी पुढे बदलावी लागू शकते ते सांगितलं, मुलीने स्वतःच्या इच्छेने डाव्या बाजूचा इम्प्लांट निवडला, आणि हे माझ्यासमोर झालं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. पल्लवीने आधी सही केली, झटकन, एक रेघ ओढल्यासारखी. मी खुर्चीवर बसले. त्या खोलीतल्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. चौथीत बाईंनी गिरवून घेतलं होतं तसं पूर्ण नाव लिहिलं, शेवंता रामदास मेश्राम, एकेक अक्षर, काना मात्रा सगळं जागेवर. शोभाताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मध्ये एकदा त्यांच्या पोटलीचा धक्का माझ्या डोक्याला लागला, पण मी अक्षर हलू दिलं नाही.

पल्लवी तारीख लिहून घ्यायला पुढच्या टेबलाकडे गेली. शोभाताई माझ्या मागे पॅसेजमध्ये आल्या. आता आवाज खाली आला होता.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाले काय वाटत होतं? मोठं का लहान?"

खोटं बोलायची मला सवय नाही, न बोलण्याची आहे. तरी म्हणाले, "लहान."

"मलेही आता लहानच वाटते. मग सही काहून केली तुम्ही?"

"साहेबांनी विचारलं तिले होतं, ताई."

त्या उभ्या राहिल्या. काचेच्या दारातून पोरगी दिसत होती, टेबलावर वाकून कॅलेंडरवर बोट फिरवत होती, आणि कुणाशीतरी फोनवर हसत बोलत होती. मग मानेवरचा हात काढून माझं मनगट धरलं.

"चला पडद्यामागं," त्या म्हणाल्या. "आधी हे तांदूळ काढा माया अंगावरचे. पोरीसोबत बूढ़ापाऱ्यात काय असं घेऊन जाऊ?"